संगणकास हात लावू नये

परेरा बाईंनी माफ केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. तशा त्या दर महिन्याला माफ करायच्या. शनिवारी संध्याकाळी गावच्या चर्चमध्ये कन्फेशनला बसायच्या, पृथ्वीतलावरच्या समस्त वैऱ्यांना एका दमात क्षमा करायच्या, रविवारी धुतल्या मनाने मिस्साच्या प्रार्थनेला जायच्या. आणि सोमवारी सकाळी स्टाफरूममध्ये छत्री टेकवता टेकवता मला म्हणायच्या, "म्हात्रे सर, माफी परत घेतली."

माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकायची आमच्या स्टाफरूमला सवय आहे. हे लिहिताना ती वजाबाकी मी आधीच करून ठेवली आहे, तेव्हा वाचणाऱ्याने पुन्हा करू नये.

बाई नंदाखाल गावच्या. घरामागे केळीची वाडी, दारात दोन नारळ, आणि उंची अशी की फळ्याच्या वरच्या निम्म्या भागावर त्यांनी आयुष्यात कधी खडू टेकवला नाही. आवाज मात्र आमच्या गिरीजच्या रस्त्यावर सुटला तर निर्मळच्या तळ्यावरचे बगळे उडावेत असा. शाळेत त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. संतापल्या की घरची बोली सुरू व्हायची. त्या बोलीतलं मला अवाक्षर कळायचं नाही, पण ज्याच्यासाठी असायची त्याला सगळं कळायचं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मी विसरत नाही. मी फक्त थांबते."

किती थांबतात याचा नमुना म्हणून पास्कूची गोष्ट. पास्कू हा बाईंचा चुलतभाऊ, वाडीला वाडी लागून. एका मे महिन्यात त्याने पाण्याचा पाट आपल्याकडे वळवला आणि बाईंच्या अडीचशे केळी माना टाकून बसल्या. बाई काही बोलल्या नाहीत. उलट नाताळात त्याला फराळाचं ताट पाठवलं. एक वर्ष गेलं, दोन गेली, सहा गेली. सातव्या वर्षी पास्कूच्या मुलीचं लग्न ठरलं. कॅथलिकांत लग्नाआधी सलग तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत असेल तर कळवावी असं सांगतात. पहिल्या रविवारी फादरनी हे वाचलं आणि परेरा बाई उभ्या राहिल्या.

अख्खं चर्च गार. बाईंनी पदर सारखा केला. बाकावरची धूळ झटकली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि खाली बसल्या.

दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी पास्कू स्वतःच बाईंच्या बाकाशेजारी गुडघे टेकून बसला होता. तीन आठवड्यांत तो अकरा किलोने उतरला. मुलीच्या लग्नात त्याचा सूट खांद्यावरून पुनःपुन्हा घसरत होता आणि बाई पहिल्या रांगेत बसून केक खात होत्या. लग्नाला मीही होतो, बाई आमच्या शाळेत येण्याआधीपासून ओळखीच्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही हरकत घेणार होतात की काय?"

"छे. पोरगी गुणी आहे," बाई म्हणाल्या. "मला पायात मुंग्या आल्या होत्या."

तर अशा या बाई आमच्या शाळेत संगणक शिकवायला आल्या, आणि पहिल्याच महिन्यात आमच्या मुख्याध्यापक चुरी सरांनी त्यांचा पाट अडवला. चुरी सरांना पास्कूची गोष्ट ठाऊक नव्हती. मी सांगायला हवी होती. नाही सांगितली. मला पुढे काय होतं ते बघायचं होतं.

आमची शाळा गिरीजच्या वाडीवस्तीतली. त्या वेळी संगणक कक्षात अकरा संगणक होते आणि त्यांचा थाट नव्या नवरीसारखा होता. शिवणाच्या बाईंनी प्रत्येकाला झालरीचं साटिनचं आच्छादन शिवलेलं. दसऱ्याला प्रत्येकाला झेंडूचा हार. कुंकू इतक्या भक्तीने वाहिलेलं की बटणांच्या फटींत गुलाबी गाळ साचला होता. एका डब्यात पालींच्या तीन पिढ्या सुखाने नांदून गेल्या. मुलं दाराबाहेर चपला काढायची, हात मागे बांधून आत जायची, एक प्रदक्षिणा घालायची आणि बाहेर यायची. झालं प्रात्यक्षिक.

बाई येण्यापूर्वी हा विषय मी शिकवत होतो. मी चित्रकलेचा शिक्षक. पण परीक्षेत प्रश्नच असा यायचा: "संगणकाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या." मग माझ्याइतका लायक माणूस कोण? आमच्या पोरांच्या आकृत्या तालुक्यात गाजत. एकाने पडद्यावरची धूळ इतकी हुबेहूब रंगवली की चुरी सरांनी तो कागद रुमालाने पुसला. त्या पोराने पुढे तीन वर्षं संगणक काढला, एकदाही चालू केला नाही.

बाई आल्या आणि पहिल्याच तासाला त्यांनी साटिन उतरवलं. पालींना वाडीत सोडलं. एका यंत्रापुढे चार-चार मुलं बसवली आणि म्हणाल्या, "आपापलं नाव उमटवा." पोरं आधी घाबरली. मग सातवीतल्या रेश्माने एक बोट टेकवलं. पडद्यावर अक्षर उमटलं, तशी ती ओरडली, "बाई, हे माझं ऐकतंय!"

या रेश्माची आई विरारहून येऊन वाड्यांमध्ये फुलं तोडायची. पोरगी जगात कुणालाच आपलं ऐकायला लावू शकत नव्हती, आणि इथे एक खोका तिचं ऐकत होता. दुसऱ्या आठवड्यात ती इतक्या उत्साहाने ऐकवायला बसली की एक बटण निखळून जमिनीवर पडलं.

ते बटण बसवायला दोन मिनिटं लागली असती. पण शिपाई हरीभाऊंनी ते बशीत घालून चुरी सरांपुढे नेलं. चुरी सरांनी बशीकडे असं पाहिलं जणू तीत कुणाचं तरी बोट आहे.

सोमवारी प्रार्थनेनंतर सगळी शाळा मैदानात उभी असताना सरांनी बाईंच्या हातात एक कागद दिला आणि माइक त्यांच्यापुढे धरला. कागद सरांनी स्वतः लिहिला होता. बाईंनी वाचला.

"मी विद्यार्थ्यांना संगणकास हात लावू दिला. ही माझी चूक आहे. पुन्हा होणार नाही."

आठशे मुलं, बावीस शिक्षक आणि कुंपणाबाहेर भाजीचा टेम्पो थांबवून उभा राहिलेला एक माणूस. बाईंचा आवाज तसूभरही हलला नाही. रेश्मा रांगेत खाली मान घालून रडत होती. वाचून झाल्यावर बाईंनी कागदाची नीट चौघडी केली.

"सर, हा मी ठेवू का?"

"ठेवा, ठेवा," चुरी सर हसत म्हणाले. "आठवण राहील."

"राहील," बाई म्हणाल्या.

खरं सांगतो, मैदानातली कावळ्यांची कावकावसुद्धा थांबली होती.

त्याच दिवशी कक्षाला कुलूप लागलं. किल्ली चुरी सरांच्या पँटच्या खिशात गेली आणि दारावर पाटी आली: "संगणकास हात लावू नये. आज्ञेवरून." ती पाटी माझ्याकडूनच रंगवून घेतली. पोटासाठी माणूस काय काय रंगवतो!

बाईंनी चार अर्ज केले. शिकवायचं कसं, असं विचारलं. चारही अर्जांवर सरांनी एकच शेरा मारला: "पुस्तकातून शिकवावे." मग बाईंनी अर्ज बंद केले आणि वर्ग घेऊन व्हरांड्यात आल्या.

व्हरांड्यात फरशा होत्या, मोठ्या, चौकोनी. बाईंनी एका मुलाला एका फरशीवर उभं केलं. "हे यंत्र. याला अक्कल नाही. सांगितलं तेवढंच करणार. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. आता याला त्या माठापाशी न्या आणि पाणी पाजा."

पोरं ओरडली, "पाणी पी!" यंत्र जागचं हललं नाही.

"चाल!" यंत्र चाललं आणि खांबावर आपटलं.

"चूक कुणाची?" बाईंनी विचारलं.

"त्याची!"

"नाही. सांगणाऱ्याची. यंत्र कधी चुकत नाही आणि यंत्राला कधी ओरडायचं नाही. कुठे चुकलं ते शोधा. दुरुस्त करा. पुन्हा सांगा. चूक सापडली की टाळ्या वाजवायच्या."

एक माणूस पाणी प्यायला पोरांना त्या दिवशी सत्तेचाळीस सूचना लागल्या. महिन्याभरात त्या अकरावर आल्या. 'माठ रिकामा असेल तर हरीभाऊंना हाक मार' ही अट रेश्माने शोधून काढली, तेव्हा इतक्या टाळ्या पडल्या की हरीभाऊ धावत आले, "काय झाला? पानी सांडला का?"

एकदा मीही यंत्र झालो. रेश्मा सांगत होती. "म्हात्रे सर, डावीकडे वळा. चाला." तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि 'थांबा' म्हणायचं राहून गेलं. आता मी पडलो शब्दाचा पक्का. फाटकातून बाहेर पडलो, केळीच्या वाडीत शिरलो, दोन कुंपणं ओलांडली, एका गोठ्यात म्हशीच्या अंगावर गेलो. निर्मळचं तळं दिसायला लागलं तेव्हा मागून पोरं धावत आली, "सर, थांबा! थांबा!" परत आल्यावर बाईंनी मुलांना शांतपणे विचारलं, "काय शिकलो?" रेश्मा म्हणाली, "सुरू केलं की थांबवायचं पण सांगायला पाहिजे. नायतर सर हरवतात."

बोटांसाठी बाईंनी माझ्याकडून पुठ्ठ्यावर कळफलकाची बटणं रंगवून घेतली. भाजीच्या खोक्यांचे चाळीस पुठ्ठे. त्यावर पोरं डोळे मिटून टकटक करायची. कागद नाही, पडदा नाही, उमटत काहीच नाही, तरी कोणतं अक्षर कुठे आहे ते बोटांना तोंडपाठ. वर्षअखेर अशी गत झाली की रेश्मा बोलता बोलता मांडीवर बोटं चालवायची आणि तिच्या शेजारच्या पोरी मांडीकडे बघून तिच्या मनातलं वाचायच्या. यातलं शेवटचं वाक्य थोडं वाढवलेलं आहे. बाकीचं खरं आहे.

आणि बाई थांबल्या होत्या. चुरी सर समोरून आले की "नमस्कार सर" म्हणायच्या, इतक्या गोड की मला पास्कूच्या ताटातली करंजी आठवायची.

तिसऱ्या वर्षी बातमी आली की आदर्श शाळा निवडायला जिल्ह्याची समिती येणार आणि संगणक शिक्षण खास बघणार. चुरी सरांची निवृत्ती जवळ आली होती आणि ते प्रमाणपत्र घेऊनच निघायचं त्यांनी ठरवलं होतं. कार्यालयाच्या भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. कक्ष उघडला, साटिन धुतलं, पडद्यावरचं भिंतीवर मोठं दिसावं म्हणून प्रोजेक्टर आणला. आदल्या दिवशी त्यांनी बाईंना बोलावलं. मी तिथेच स्वागताची रांगोळी आखत होतो.

"बाई, मुलांना बजावून ठेवा. शिस्त म्हणजे शिस्त. सांगितलं तेवढंच करायचं. जास्त हुशारी नको."

"बजावते सर," बाई म्हणाल्या. "शब्दशः बजावते."

दुसऱ्या दिवशी समिती आली. तिघे जण. मुख्य साहेब चष्म्याच्या वरून बघणारे. कक्षात सातवीची मुलं हात मागे बांधून उभी. रेश्मा तेव्हा नववीत, पण 'मार्गदर्शक विद्यार्थिनी' म्हणून बाईंनी तिलाही आणलं होतं. साहेबांनी नेमकं तिच्याकडे पाहिलं.

"बाळ, हा सुरू करून दाखव."

रेश्मा हलली नाही. "सर, दारावर बघा ना काय लिवलंय. हात नाय लावायचा."

साहेबांनी वळून पाटी वाचली. माझं अक्षर फार सुंदर आहे, दुरूनही वाचता येतं.

"मग तुम्ही शिकता कसं?"

"आम्ही सांगतो. दुसरा करतो."

"अस्सं. मग सांग. कुणाला सांगतेस?"

रेश्माने सगळ्यांवरून नजर फिरवली. "ज्याला हात लावायची परमिशन आहे त्याला."

खोलीतल्या सगळ्या माना एकदम चुरी सरांकडे वळल्या. सरांना यंत्र सुरू करता येत नव्हतं हे त्या खोलीत फक्त आम्हाला माहीत होतं, आणि साहेबांना कळू द्यायचं नव्हतं ते सरांना. सर खुर्चीत बसले.

"सर, खाली वाका," रेश्मा म्हणाली. "टेबलाखाली डबा आहे. त्याच्यावर गोल बटण. ते नाय सर, तो पंखा. हां. दाबा. आता सोडा. सोडा सर!"

यंत्र सुरू झालं. भिंतीवर उजेड पडला. साहेबांना गंमत वाटू लागली. "वा. आता सरांकडून एखादं वाक्य लिहून घे बघू."

रेश्माने बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेरच्या केळी मोजत होत्या.

"दुसरी ओळ, डावीकडून चौथं बटण," रेश्मा सांगू लागली. "आता वरच्या ओळीतलं पहिलं. आता लांबडं बटण एकदा. एकदाच सर!"

चुरी सरांचं नाक बटणांना टेकलेलं. एकेक बटण शोधायला त्यांना इतका वेळ लागत होता की मागे बसलेल्या एका सदस्याने तेवढ्यात नारळपाणी संपवलं. आपण काय लिहितोय ते सरांना दिसत नव्हतं. आम्हा सगळ्यांना भिंतीवर दिसत होतं, एकेक अक्षर हातभर मोठं. "मी विद्यार्थ्यांना संगणकास हात लावू दिला" इथवर आलं. बाईंची चौघडी मला आठवली. पण वाक्य तिथे थांबलं नाही. आणखी चार बटणं झाली. सरांच्या टकलावरून घाम टपकून बटणांवर पडत होता. दारात हरीभाऊ, खिडक्यांत आठवी-नववीची डोकी. शेवटचं बटण दाबून सर मोठ्या अभिमानाने ताठ झाले आणि वळले.

भिंतीवर लिहिलं होतं: "मी विद्यार्थ्यांना संगणकास हात लावू दिला नाही. ही माझी चूक आहे. पुन्हा होणार नाही."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं, सरांना चिडता आलं असतं.

"हे वाक्य कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी पर्समधून चौघडी काढली, उलगडली आणि साहेबांच्या हातात दिली. "सरांचंच आहे, साहेब. त्यांच्या हस्ताक्षरात आहे. मी फक्त एक शब्द घातला."

साहेबांनी कागद वाचला, भिंत वाचली, चष्मा काढून पुसला आणि कागद पुन्हा वाचला. मग दाराशी जाऊन माझी पाटी स्वतःच्या हाताने उतरवली. "बसा रे मुलांनो," ते म्हणाले. "हात लावा. मुख्याध्यापक, आजपासून ही खोली वेळापत्रकाप्रमाणे उघडी राहील. मी पुन्हा येऊन बघणार आहे." प्रमाणपत्राचं नाव त्यांनी काढलं नाही. कार्यालयातल्या खिळ्याला पुढे हरीभाऊ आपली छत्री अडकवू लागले.

पोरं यंत्रांवर तुटून पडली. पुठ्ठ्यावर दोन वर्षं तयार झालेली ती बोटं, त्यांनी असा आवाज केला की जणू पत्र्यावर कुणी पोतंभर तांदूळ ओतलेत. मी बाईंना म्हटलं, "बाई, बघा तरी!"

बाई बघत नव्हत्या. त्या चुरी सरांकडे बघत होत्या. सर खुर्चीतच होते आणि उठायचं कसं ते त्यांना कुणी सांगत नव्हतं.

संध्याकाळी फाटकाशी मी धीर करून विचारलं, "खरं सांगा, हे मुलांसाठी केलंत की सूडासाठी?"

"मुलांसाठी करत होते तेव्हा अर्ज केले, म्हात्रे सर. चार. त्यांचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे." बाईंनी छत्री उघडली. "सूड घ्यायचा ठरवला, म्हणून मुलांचं काम झालं."

चुरी सरही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. जूनमध्ये बाईंची बदली झाली. आमच्याच संस्थेची दुसरी शाळा विरार पूर्वेला, फुलपाड्यात, दुकानांच्या गाळ्यांवर दोन मजले. आदेशात लिहिलं होतं, "संगणक शिक्षणाच्या विस्तारासाठी." त्या शाळेत एकही संगणक नव्हता. नंदाखालहून जायला दोन बस आणि एक रिक्षा. निरोप समारंभ झाला नाही. बाई चुरी सरांच्या कार्यालयात गेल्या, "नमस्कार सर" म्हणाल्या आणि निघाल्या. त्या दिवसापासून सर अधूनमधून खिडकीतून फाटकाकडे बघायचे.

मी फुलपाड्याला गेलो तो गणपतीनंतर. जिन्याखालच्या खोलीत बाई जमिनीवर बसल्या होत्या, पदर खोचलेला, हातात स्क्रू-ड्रायव्हर, भोवती उघडी पडलेली यंत्रं. मुलांचे बाप कुठल्या कुठल्या कचेऱ्यांत शिपाई, सफाईवाले, रखवालदार. तिथे टाकून दिलेले डबे बाईंनी विनंती अर्ज लिहून मागवले होते. चौदा मेलेल्या यंत्रांतून पोरांनी पाच जिवंत केली होती. सहाव्याचं पोट फाडणं चाललं होतं. सहावीतली एक मुलगी आत वाकून कुणाला तरी सांगत होती, "पंखा फिरतोय पण दिवा लागत नाय. कुठे चुकलं ते शोध. ओरडू नको."

"चुरी कसे आहेत?" बाईंनी विचारलं.

"बरे आहेत."

बाईंना ते आवडलं नाही. "त्यांना सांगा, मी मजेत आहे. आवर्जून सांगा."

मी सांगितलं. माझ्या पद्धतीने सांगितलं. पाचांचे पन्नास केले, जिन्याखालच्या खोलीला थंड हवेचं यंत्र लावलं, परदेशातून बघायला माणसं आणली. महिन्याने पुन्हा फुलपाड्याला गेलो तर बाई बस थांब्यावरच भेटल्या. बस समोर उभी होती, तरी चढेनात.

"सांगितलंत?"

"सांगितलं. ते चहा पीत होते. ऐकलं आणि कप खाली ठेवला."

"रिकामा की भरलेला?"

"भरलेला."

बाईंनी मान हलवली, पायरीवर पाय ठेवला आणि बसमध्ये चढल्या. खिडकीपाशी जागा मिळाली. बस मनवेलपाड्याकडे वळेपर्यंत त्या दिसत होत्या. पर्स मांडीवर, पाठ ताठ, आणि चेहऱ्यावर असं समाधान की शेजारच्या प्रवाशाने त्यांना विचारलंसुद्धा असेल, घरी कुणाचं लग्न आहे का म्हणून.